तुटायला हवा तो दोरा

माझा धंदा काय, असं प्रवासात कुणी विचारलं की मी ‘घड्या घालते’ एवढंच सांगते. समोरची बाई मला इस्त्रीवाली समजते आणि खिडकीबाहेर बघायला लागते. मला ते बरं पडतं. खरं म्हणजे आकाशातून उड्या मारणाऱ्यांची राखीव पॅराशूट मी उघडते, तपासते, पुन्हा घडी घालून पिशवीत बसवते आणि वर माझा शिक्का मारते. पण एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘आणि तेही उघडलं नाही तर?’ लोकांना समजावत बसायचा मला पहिल्यापासून कंटाळा. हात चालू असले की तोंड बंद असावं, असं माझं मत. हे मत वऱ्हाडात मला फार महागात पडणार होतं.

गेल्या जानेवारीत मी नाशिकहून अकोल्याला गेले ती प्रणालीसाठी. प्रणाली अकोल्याच्या जठारपेठेतली मुलगी. दुबईत नर्स आहे आणि उड्या मारायला तिथेच शिकली. दोनशे उड्या पुऱ्या झाल्यावर तिनं विंगसूट अंगावर चढवला. हात आणि बरगड्यांच्या मध्ये, दोन्ही पायांच्या मध्ये कापडाचे पंख शिवलेला हा पोशाख असतो. तो घातला की माणूस पडता पडता पुढेही सरकतो, अगदी मैल दोन मैल. सुट्टीत ती घरी येणार होती आणि नेमका तेव्हाच अमरावतीपलीकडच्या एका खासगी धावपट्टीवर उड्यांचा कॅम्प भरणार होता. आपल्या माणसांच्या डोक्यावरून एकदा उडायचं, एवढीच तिची इच्छा.

राखीव पॅराशूटची मुदत सहा महिन्यांची. तिची संपत आली होती. पिशवी कुरिअरनं पाठवते म्हणाली. कुरिअरवाले पिशव्या कशा फेकतात ते मी पाहिलंय, म्हटलं मीच येते. शिवाय घरात बसून मला चैन पडत नव्हतंच. मुलं बाहेरगावी, दोन खोल्या, आणि गॅसचं बटण बंद आहे की नाही ते दिवसातून सहादा बघणारी मी.

अकोला

गाडीतल्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. मी जागेवर कमी आणि दारापाशी जास्त होते. स्टेशनवर प्रणाली स्कूटर घेऊन उभी. माझी हत्यारांची पेटी तिनं पायापाशी ठेवली आणि दहा मिनिटांत घर गाठलं.

घर नीटनेटकं. बाहेरच्या खोलीत फळीवर बुद्धमूर्ती, खाली प्रणालीचे शाळेपासूनचे चषक. तिचे वडील उत्तमराव दारातच उभे होते. सत्तरीकडे झुकलेले, बारीक अंगाचे, पण तळहात हे एवढे रुंद.

“जय भीम ताई, या. पयले पानी घ्या,” ते म्हणाले. “पोरगी सांगत होती, तुमी घड्या घालता म्हून. मंग आपण एकाच धंद्यातले.”

ते जिनिंग-प्रेसिंगमध्ये होते. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठींवर गोणपाट शिवायचं त्यांचं काम. “पस्तीस वर्सं दाभन चालवलं. एक गाठ रस्त्यात उसवली नाई. बोटीत चढून परदेशी गेली तरी माहा टाका जसाच्या तसा.” हे सांगताना ते हवेतच दाभण ओढून दाखवत होते. मला माणूस आवडला. हाताचा अभिमान असलेली माणसं मला आवडतातच.

दुपारपर्यंत मी काम उरकलं. खाट बाहेर काढली, फरशी पुसली, चादर अंथरली. राखीवचं कापड पांढरं आणि रेशमासारखं निसरडं असतं. एक घडी बसवावी तर दुसरी सुटते, हवा काढायला गुडघ्यानं दाबत राहावं लागतं. उत्तमराव भिंतीला टेकून सगळं बघत होते. शेवटी पिशवीची पाळी आली. झाकणाखाली एक पिन असते, ती सगळं अडवून धरते. हँडल ओढलं की पिन निघते आणि पॅराशूट बाहेर उसळतं. त्या पिनला मी बारीक लाल दोरा बांधला आणि शिशाचा शिक्का दाबला.

“ताई, हा दोरा एवढा बारीक काहून?” उत्तमरावांनी विचारलं.

“असाच असतो.”

“पन हा तं बोटानं तुटन.”

“असाच असतो हो. नियम आहे,” मी म्हटलं आणि कात्री शोधायला लागले.

“असन बापा,” ते म्हणाले.

संध्याकाळी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात प्रणालीच्या मामांकडे जेवण होतं. उत्तमराव गुडघे दुखतात म्हणून घरीच राहिले. शिक्का मारलेली पिशवी जिच्या ताब्यात, तिनं ती नजरेआड करू नये, हा माझा स्वतःचा नियम. तीस वर्षं मी पिशवी उशाशी घेऊन झोपले आहे. त्या दिवशी सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, स्कूटरवर आम्हा दोघींखेरीज पिशवीला जागा नव्हती, आणि घरात एक सज्जन म्हातारा तेवढा बसलेला. मी पिशवी खाटेवर ठेवली आणि निघाले.

जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून भाजीची हातगाडी आली की आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. मामांच्या अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते. रोडगा म्हणजे पोळ्या एकात एक गुंडाळून केलेला कणकेचा गोळा, हाताच्या मुठीएवढा. राख झटकायची, दाबून फोडायचा, वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. आमच्याकडे पाहुण्याला ‘अजून घ्या’ म्हणतात. इथे कुणी विचारत नाही, ताटात टाकून मोकळे होतात. मी चौथ्याला हात आडवा धरला तर मामी म्हणाल्या, “नाशिकले खात नाईत का मानसं?” ‘सांबार’ घालते म्हणून मामींनी भाजीवर मूठभर हिरवं टाकलं, तेव्हा मी डाळीची वाट पाहत बसले होते. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

दोन तासांनी परतलो. पिशवी होती तिथेच होती. उत्तमराव हसतमुख. “आता बिनघोर राहा ताई. पोरीले काई होत नाई.” मला वाटलं, पाहुणीला बरं वाटावं म्हणून बोलतात.

अमरावतीकडे

दुसऱ्या दिवशी दोन गाड्यांत अकरा माणसं आणि सात स्टीलचे डबे निघाले. मूर्तिजापूरला चहा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा हिरवागार, मधूनच वेचणी संपलेली कापसाची पऱ्हाटी. मामा गाडी चालवत होते आणि दर गावाला त्यांचं कुणीतरी निघायचं, की गाडी थांबली. मी घड्याळ बघायचे. “कायले घाई करता ताई, आभाळ कुठं पळून चाललं?” ते म्हणायचे. त्यांचं खरं होतं, पण माझे पाय गाडीच्या पत्र्यावर ताल धरून होते.

अमरावतीत प्रणालीच्या मावशीकडे मुक्काम होता. संध्याकाळी प्रणालीनं मला गिलावडा खायला नेलं. दह्यात बुडवलेला मऊ वडा, वर तिखट पाणी. ती एकाएकी म्हणाली, “ताई, बाबा आजवर एकदाबी पाहायले आले नाईत. व्हिडिओ दाखवला तं डोळे मिटून घेत. ह्या टायमाले सोताच म्हनाले, मी येतो.” बोलताना तिनं वडा तसाच हातात धरून ठेवला होता. मला तेव्हाच विचारायला हवं होतं, की या वेळीच कसे काय तयार झाले?

धावपट्टी

सकाळी गार वारा, स्वच्छ ऊन. धावपट्टीच्या कडेला तंबू, एक लहान विमान, आणि मंडळींनी बाभळीखाली अंथरलेली सतरंजी. प्रणालीनं नारिंगी सूट चढवला. विंगसूटवाल्याची तपासणी जरा जास्तच असते. पंख घातल्यावर छातीवरची दोन्ही हँडलं कापडाखाली दडत तर नाहीत ना, ते बघायचं. उजवीकडचं लाल हँडल बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून द्यायला आणि डावीकडचं चांदीच्या रंगाचं राखीव उघडायला. बाह्यांच्या चेनी एका झटक्यात सुटतात का, तेही बघायचं, कारण त्या सुटल्याशिवाय हात डोक्याच्या वर पोचत नाहीत. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि सवयीनं मी राखीवचं झाकण उचललं.

माझा लाल दोरा होता. शिक्काही होता. आणि शेजारी पिनला तीन फेरे घालून, खालच्या जाड पट्ट्यातून ओवून, मेण लावलेला तपकिरी दोरा घट्ट आवळलेला होता. शेवटी एक सुबक गाठ.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मी त्या गाठीकडे कौतुकानं बघत राहिले. मग लक्षात आलं. ही पोरगी वर जाऊन ओढत राहिली असती आणि पिन जागची हलली नसती.

मी तिला पिशवी उतरवायला लावली आणि दाखवलं.

“हा बाबाचा टाका हाय,” ती म्हणाली. मग माझा हात धरला. “ताई, त्यायले सांगू नका. ते दोन दिवस जेवनार नाईत. कापून टाका अन् मले जाऊ द्या.”

“नाही सांगितलं तर पुढच्या वेळी चार फेरे घालतील. आणि नुसतं कापून चालत नाही. दुसरा हात लागला म्हणजे सगळं उघडायचं, पहिल्यापासून. सकाळची उडी गेली.” मग मी पुढचं सांगितलं. “पिशवी मी सोडून गेले होते, प्रणाली. रोडगे खायला. चूक माझी आहे.”

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. “चारचं शेवटचं विमान हाय,” एवढंच म्हणाली आणि उड्यांच्या यादीत नाव खाली घ्यायला गेली.

बाभळीखालून मामा ओरडले, “काहून, उडाली नाई का अजून? आमी डबे उघडून राह्यलो!”

उत्तमरावांना मी तंबूमागे नेलं. तिथे एक रिकामा ड्रम होता. माझ्या पेटीतला लाल दोरा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “तोडा.” त्यांनी अंगठ्यानं टचकन तोडला. मग कापून आणलेला तपकिरी दिला. “आता हा.” त्यांनी दोन्ही मुठींना गुंडाळून ओढला, पुन्हा ओढला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“हा तुटत नाई ताई. मेन लावलं हाय. तुमचा दोरा कच्चा होता, पन तुमाले कसं म्हनाव म्हून मीच लावून देल्ला. त्याच्यावरच तं मी आलो ना पाहायले. म्हटलं, आता काई भेव नाई.”

“उत्तमराव, वर तिनं हँडल ओढलं की पिन तो लाल दोरा तोडून बाहेर यायला हवी. मधल्या वेळात पिन हलू नये आणि कुणी हात लावला तर कळावं, एवढंच त्याचं काम. तिनं ओढलं की त्यानं तुटायलाच हवं.”

हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं आणि ड्रमवर बसले.

“म्हंजे मीच...” ते म्हणाले. मग दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, “मले कोनी सांगतलं नाई ना ताई.”

ते तक्रार करत नव्हते, पण मला ते फार लागलं. “तुम्ही दोनदा विचारलं होतंत,” मी म्हटलं. “मी सांगितलं नाही.”

दुपार

तंबूत चादर अंथरली. स्वतःचा शिक्का वापरण्याआधीच फोडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. प्रणाली समोर मांडी घालून बसली, सूटचे पंख कमरेला बांधलेले. मामी डबा घेऊन आल्या तर तिनं मान हलवली. उत्तमराव दारातच घुटमळत होते. “आत या,” मी म्हटलं. “हवा काढायला हात हवेत.”

त्यांचे ते रुंद तळहात. मी गुडघ्यानं दाबते आणि तरी घडी सुटते. ते एकदा दाबायचे आणि कापड बसून राहायचं. आणि प्रत्येक गोष्टीला त्यांचा प्रश्न. हे काहून? ते काहून? तीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नसेल इतकं त्या दुपारी सांगितलं. दोऱ्या नागमोडी का ठेवायच्या, पुढची घडी वेगळी का, मोठं पॅराशूट बाहेर खेचणाऱ्या लहान पॅराशूटच्या आत स्प्रिंग कशाला.

“अन् हे डबी कायची?”

“हे यंत्र. माणूस बेशुद्ध पडला आणि जमिनीजवळ जोरात येत राहिला तर हे आपोआप राखीव उघडतं.”

त्यांचा चेहरा उजळला. “मंग तं झालंच.”

“नाही झालं. पंखांमुळे ती सावकाश खाली येते. यंत्राला वाटतं सगळं ठीक आहे, ते गप्प राहू शकतं.”

“म्हंजे हाताचाच भरोसा.”

“हाताचाच.”

हे ऐकून प्रणाली उठली आणि कोपऱ्यात उभी राहून घोकायला लागली. हे ती प्रत्येक उडीआधी करते. “लाल पाह्यलं. धरलं. चांदी पाह्यली. लाल ओढलं. चांदी ओढली.” हात हवेत, डोळे छातीवर. पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या खेपेला उत्तमरावांचे ओठही हलायला लागले.

लाल दोरा बांधायची वेळ आली. “माफ करा,” मी म्हटलं. त्यावर उत्तमराव, “नाई ताई, चुकी माही.” मी म्हटलं, नाही, माझी. ते म्हणाले, मी म्हातारा मानूस, कायले हात लावाव? असं आमचं चाललेलं.

“तुमी दोघंबी गप बसा,” प्रणाली म्हणाली. “हाताकडं पाहा.”

आम्ही गप्प बसलो. शिक्का मारून झाल्यावर तिनं स्वतः झाकण उचलून पाहिलं, दोऱ्यावरून नख फिरवलं, आणि पिशवी मला परत न देता खांद्याला लावली. बरोबरच होतं तिचं.

चार वाजता

विमान वर गेलं. मामांच्या मंडळींनी माना वर केल्या. मला एका जागी उभं राहवेना. मी दुर्बीण घेऊन वीस पावलं जायचे आणि परत यायचे. उत्तमराव धावपट्टीच्या कडेला ताठ उभे होते. दुर्बीण देऊ केली तर नको म्हणाले.

दहा हजार फुटांवरून ठिपका सुटला आणि पडायच्या ऐवजी आडवा निघाला. बाभळीखाली एकदम गलका झाला. ती नारिंगी रेघ आमच्या डोक्यावरून हरभऱ्याच्या वावरांवर गेली, वळली, परत आली. तेवढा वेळ मीसुद्धा थांबले. मामी रडत होत्या आणि हसत होत्या. उत्तमरावांचे डोळे उघडे होते.

मग तिनं मुख्य पॅराशूट उघडायला घेतलं. निळं कापड उघडलं, पण एका अंगानं. दोऱ्यांना पीळ पडलेला. क्षणभर ते लटकलं आणि मग गरागरा फिरायला लागलं, खाली ती, भिरभिरत. पायात पंख असले की पीळ काढायला पाय मोकळे मारता येत नाहीत. दुर्बिणीत तिचे हात दोऱ्यांकडे झेपावले, पंखांत अडले. वेग वाढत होता. मी सेकंद मोजायला लागले. कुणाला काही कळलं नव्हतं, मामा टाळ्या वाजवत होते. उत्तमरावांनी मात्र माझं मनगट पकडलं. त्या हातांची पकड मला ठाऊक होती.

“लाल,” ते पुटपुटले. “लाल पाह्य बेटा.”

निळं कापड सुटलं आणि एकटंच वाऱ्यावर निघून गेलं. ती त्याच्याखालून दगडासारखी पडली. टाळ्या थांबल्या.

आता तिचा डावा हात, चांदीचं हँडल, पिन, आणि पिनला गुंडाळलेला माझा दोरा. एवढंच उरलं होतं. शेजारी उत्तमराव, ज्यांच्या हातचा टाका कधी उसवला नव्हता, ते मान वर करून त्या न दिसणाऱ्या दोऱ्याला शिव्या दिल्यासारखे ओरडत होते.

“तूट बे! तूट! तूट ना बे!”

पांढरं उघडलं.

सगळं एकदम, नीट, चौकोनी. तिनं बाह्यांच्या चेनी सोडल्या, हात वर घेतले आणि सावकाश वळून हरभऱ्याकडे यायला लागली. मामा वावराकडे धावले, त्यांच्यामागे बाकीचे. उत्तमराव तिथेच उभे होते. डोळ्यांत पाणी भरलेलं, त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि ते अजून ओरडतच होते, तूट, तूट. मी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून माझ्याकडे वळवलं आणि सांगितलं.

“तुटला, उत्तमराव. तुटला.”